जुन्या कट्यारीचे नवे पोलाद

जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात शिसवी कपाटे आणि पितळी समया यांच्या गर्दीत एखादी गंजलेली कट्यार दृष्टीस पडली, आणि विक्रेत्याने तिचा संबंध कोणा संस्थानिकाच्या शिलेखान्याशी जोडला, की गंजालाच वयाचा दाखला मानण्याचा मोह भल्याभल्या संग्राहकांना आवरत नाही. वस्तुतः गंजाइतका फितूर साक्षीदार नाही. मिठाच्या पाण्याने वा आम्लाने तो थोड्या दिवसांत चढविता येतो; असा गंज बहुधा नारिंगी, भुसभुशीत व सर्वत्र सारखा असतो, तर जुन्या लोखंडावर काळपट, घट्ट थर आणि कमीअधिक खोलीचे खड्डे आढळतात. मात्र उपनगरांतील खारी हवा अस्सल पात्यालाही तांबूस करते, तेव्हा केवळ रंगावरून निवाडा करू नये.

खरी साक्ष पोलादाच्या अंतरंगात असते. १८५६ साली बेसेमरने हवेच्या झोताने पोलाद करण्याची युक्ती काढली व त्यापाठोपाठ त्यात मँगनीज मिसळण्याचा प्रघात पडला. त्यापूर्वीच्या देशी मुशीतील पोलादात ते सामान्यतः नाममात्रच सापडते. घाटकोपर-मुलुंडकडील सराफ ज्या क्ष-किरण यंत्राने सोन्याचा कस पाहतात, त्याच तत्त्वावरील प्रयोगशाळेतील उपकरण पाते न खरवडता मँगनीज, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण सांगते, आणि हे प्रमाण आजच्या कारखानी पोलादासारखे निघाले, तर शिवकालाची सारी बखर तिथेच कोसळते. यंत्र हाताशी नसल्यास दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्यावे व मुठीचे सांधे पाहावेत: विजेच्या वेल्डिंगचा ओघळ कानशीने कितीही घासला तरी कोपऱ्यात उरतोच, आणि कोफ्तगिरीच्या सोन्याखाली लोखंडावर ओरखडलेली बारीक जाळी दिसत नसेल, तर ते काम बहुधा मुलाम्याचे समजावे.

राहिली वंशावळ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ साली साताऱ्यास आलेल्या वाघनखांमागे ग्रँट डफ घराण्याची परंपरा आणि पेटीवरील लेख आहे; तथापि १६५९ साली प्रतापगडाखाली वापरली गेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. मग दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीची मातबरी ती काय! १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. सबब, जो विक्रेता सतराव्या शतकाची शपथ घेतो, त्याने ते शतक आपल्या परवान्याच्या क्रमांकासह पावतीवर लिहून द्यावे, असा आग्रह ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वीच धरावा.