नसेच्या दुखण्यावर फिटची गोळी

तळपायांची आग होते म्हणून तपासायला गेलेल्या मधुमेही माणसाला डॉक्टर गॅबापेन्टिन लिहून देतात. घरी कुणीतरी मोबाइलवर नाव शोधते आणि सगळ्यांना धास्ती बसते, की ही तर फिटची गोळी! ही भीती अनाठायी आहे. पण मान, कंबर, गुडघा काहीही दुखले तरी ‘नसांची गोळी’ म्हणून तीच सुरू करायची, हा विश्वासही तितकाच अनाठायी आहे. हे औषध उपयोगी पडेल की नाही, ते आधी एकाच गोष्टीवर ठरते: दुखणे खरोखर नसेचे आहे का?

चटका बसला की नस मेंदूला कळवते. ते तिचे कामच आहे. मधुमेहाने किंवा नागिणीने नस स्वतःच बिघडली, की चटका नसतानाही ती संदेश पाठवत राहते. मग आग, मुंग्या, विजेसारखी कळ सुरू होते, अंगावरचा कपडाही सहन होत नाही. फिटमध्ये मेंदूतल्या पेशी अशाच कारणाशिवाय, पण एकदम पेटून उठतात. पेशींच्या टोकाशी कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. गॅबापेन्टिन त्यांच्या एका भागाला चिकटते आणि पुढच्या पेशीकडे जाणारा रासायनिक निरोप क्षीण करते. म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालते. अमेरिकेत 1993 मध्ये त्याला फिटवरचे पूरक औषध म्हणून मान्यता मिळाली आणि 2002 मध्ये नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी. मधल्या काळात मात्र ते बनवणाऱ्या कंपनीने मान्यता नसलेल्या अनेक आजारांसाठी त्याचा प्रचार केला. त्या प्रकरणात 2004 मध्ये गुन्हा कबूल करून 43 कोटी डॉलर भरावे लागले. सरसकट वापराची सवय पुराव्यापेक्षा अशा प्रचारातून वाढली, असे मला वाटते.

पुरावा काय सांगतो? नागिणीनंतरच्या किंवा मधुमेही नसांच्या वेदनेत, पुरेसा डोस घेणाऱ्या दहांपैकी तीन-चार जणांचे दुखणे निम्म्यावर येते; तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या गोळीवर साधारण दोघांचे. हा फरक थोडाच आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण या वेदनेला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा दाद देत नाहीत, आणि रात्र रात्र जागणाऱ्याला निम्मे दुखणे कमी होणे म्हणजे पुन्हा झोप लागणे. पण नसेचे प्रत्येक दुखणे याला दाद देतेच असे नाही; सायटिकाचे पाहा. गॅबापेन्टिनच्याच कुळातले प्रीगॅबालिन 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात 209 रुग्णांवर तपासले गेले. पायातली कळ खोट्या गोळीपेक्षा कमी झाली नाही, चक्कर मात्र जास्त आली.

‘वेदनाशामकांनी पोट आणि किडनी बिघडते, त्यापेक्षा ही बरी’ हा युक्तिवाद निम्माच खरा. गॅबापेन्टिनची गोळी किडनी बिघडवत नाही, पण शरीराबाहेर पडते ती किडनीवाटेच. किडनी मंदावली की औषध रक्तात साठते, आणि ज्यांना ते बरेचदा लिहिले जाते त्या जुन्या मधुमेहींचीच किडनी अनेकदा अधू असते. परिणामी गुंगी येते, तोल जातो, वयस्कर माणूस पडतो. ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय औषधांबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो. अमेरिकी औषध प्रशासनाने 2019 मध्ये तसा इशाराही दिला. दारूबरोबर तर ती घेऊच नये.

डोस हळूहळू वाढवून काही आठवड्यांत गुण पाहायचा आणि आला नाही तर तसाच हळूहळू कमी करत औषध थांबवायचे, ही खरी रीत. पण अनेक जण अपुऱ्या डोसवर वर्षानुवर्षे राहतात. तुम्ही ही गोळी घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. फिटसाठी घेत असाल तर मुळीच नाही, कारण फिट उलटून येऊ शकते. पुढच्या भेटीला किडनीच्या तपासणीचा (क्रिएटिनिनचा) रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारा: माझे दुखणे नसेचेच आहे का, आणि गुण येतो की नाही हे आपण केव्हा ठरवायचे?