श्रद्धेला तर्काची गरज का पडते?
ठाण्यात टेंभी नाक्याजवळ 1879 सालचं ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे; नावाचा अर्थ स्वर्गाचं द्वार. इथल्या बेने इस्रायली ज्यूंचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची परंपरा सांगते की जहाज फुटलं, धर्मग्रंथ गेले, पण ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना उरली. मग श्रद्धेला तर्क हवाच कशाला? बाराव्या शतकातले ज्यू विचारवंत यहुदा हालेवी जवळपास हेच म्हणत: देवाची खूण पिढ्यांच्या आठवणीत आहे, तत्त्वज्ञांच्या सिद्धांतांत नाही.

आक्षेप वजनदार आहे. पण आठवण ‘देव एक आहे’ एवढंच सांगते. ‘एक’ म्हणजे काय, हे विचारावंच लागतं. त्याच शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी ते विचारलं. देवाला शरीर असेल तर त्याचे भाग पडतील आणि भाग पडले तर तो खऱ्या अर्थाने एक राहणार नाही. म्हणून धर्मग्रंथांतला देवाचा हात, देवाचा राग ही माणसाची भाषा. असा देव कोरडा वाटतो, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. सिनेगॉगमध्ये मूर्ती का नाही, याचं उत्तर मग निव्वळ मनाई उरत नाही; ती एकत्वाचीच समज होते.