मुळावरची गाठ कापून तर पाहा!

पावसाळ्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरकडून लोणारकडे निघा. दोन्ही बाजूंनी सोयाबीनची वावरे दिसतात. आपल्यापैकी कित्येकांच्या आया याच सोयाबीनमध्ये निंदणाला जातात. शाळेत मात्र 'नत्राचे स्थिरीकरण' हा धडा आला की आपण घोकंपट्टी करतो. आम्हाला वाटते, हा धडा घोकण्याचा नाही. वावरात बसून पाहण्याचा आहे.

सोयाबीन फुलोऱ्यावर आले की, मालकाला विचारून एक झाड मुळासकट काढा. नुकतीच फवारणी झालेल्या वावरात जाऊ नका. झाड हिसकून उपटू नका. खुरप्याने भोवतालची माती सैल करा, नाहीतर पाहायचे तेच मातीत राहील. मुळे पाण्यात धुतली की त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतील. बोटाने सारल्या तर त्या सहज सुटतात. सूत्रकृमी लागला असेल तर मूळच सुजते, ती गाठ सुटत नाही. दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवा.

गाठीत कोण राहते?

या गाठींत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. एका गाठीत ते लाखोंनी असतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. झाडाला प्रथिने तयार करायला नत्र लागतोच. पण हवेतला नत्र त्याला घेता येत नाही. भरल्या कोठारासमोर उपाशी बसावे, तशी ही गत! जिवाणू तो नत्र झाडाला चालेल अशा रूपात बदलून देतात. त्याच्या मोबदल्यात झाड त्यांना पानांत उन्हाच्या बळावर तयार झालेली साखर पुरवते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, त्यांतला बराच नत्र या गाठींतून आलेला असतो.

आता मोठ्या माणसाला सोबत घेऊन एक गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली, तर काम चालू आहे असे समजा. पांढुरकी असेल तर काम सुरू झालेले नाही. हिरवी-तपकिरी असेल तर गाठ म्हातारी झाली. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे ते नातलगच, दोघांतही लोह असते. नत्र बदलणारे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि जिवाणूंना श्वासासाठी तर प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवते आणि बेताबेताने पोचवते.

युरियाच्या कारखान्यात हाच हवेतला नत्र वापरतात. तिथे त्यासाठी ४०० अंशांहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतले जिवाणू तेच काम मातीच्या साध्या उबेत करतात.

पऱ्हाटीला गाठी का नाहीत?

शेजारच्या पऱ्हाटीचे किंवा ज्वारीचे मूळ तपासा. गाठी सापडणार नाहीत. या पिकांचा आणि रायझोबियमचा असा सहवास नसतो. तूर, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग ही शेंगांची पिके मात्र गाठीवाली. पऱ्हाटीत तुरीच्या ओळी घालण्याची आपल्याकडची जुनी रीत किती जाणतेपणाची आहे, ते यावरून कळते.

सगळ्याच पिकांना एकच जिवाणू चालत नाहीत. म्हणून पेरणीपूर्वी त्या त्या पिकाचे जिवाणूसंवर्धक बियाण्याला चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवतात. उन्हात सुकवले तर जिवाणू मरतात. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, संवर्धक शेवटी.

ज्यांच्या घरी वावर नाही, त्यांनी हिरमुसू नये. जिथे हरभरा पिकतो तिथली माती मागून आणा. तळाला भोक पाडलेल्या डब्यात ती भरून हिवाळ्यात चार हरभरे पेरा. दीड महिन्याने झाड काढून पाहा, काय दिसले ते वहीत चित्रासह लिहा.

आणि एक करा. गाठी कोणत्या पिकाला येतात हे आईला विचारा. निंदताना तिने त्या अनेकदा पाहिल्या असतील. आत गुलाबी रंग का असतो, ते तुम्ही तिला सांगा. तिचे पाहणे आणि तुमचे पुस्तक एकत्र आले, की हा धडा परीक्षेनंतरही विसरणार नाही.