सुटकेनंतरचा उंबरठा

अलिबागचा हिराकोट किल्ला आंग्र्यांच्या काळातला. आज त्यात जिल्हा कारागृह आहे. तेथून, किंवा तळोजा-येरवड्याहून सुटलेला माणूस सायंकाळी महाडच्या एस. टी. स्थानकावर उतरतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न रोजगाराचा नसतो. रात्र कोठे काढावी, हा असतो.

पोलादपूरच्या डोंगरातील वाडीला पायवाट एक आणि पाणवठाही एक. ज्याच्याशी तंटा झाला, त्याचे घर तेथेच. स्वतःचे घर भावकीच्या सामाईक मालकीचे. म्हणून तो महाडात खोली शोधतो आणि घरमालक मागचा पत्ता विचारतो. खरे सांगितले तर खोली जाते, खोटे सांगितले तर पुढे अब्रू. अनामतीसाठी मजुरी हवी, मजुरीसाठी कागद हवेत आणि कागदांसाठी पत्ता. मुळात या तालुक्यात घरांची ओढाताण जुनीच. २२ जुलै २०२१ च्या दरडीनंतर तळीयेच्या निरपराध कुटुंबांनाही कंटेनरमध्ये दिवस काढावे लागले.

भारतातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. म्हणजे ज्याला दार नाकारले जाते, त्याचा गुन्हा अनेकदा सिद्धही झालेला नसतो.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी सापडले होते. औंध संस्थानात १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंतीविना वसाहत, कसायला जमीन आणि सोबत बायकोमुले! ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. मात्र ती सोय शिक्षा भोगत असतानाची. सुटकेनंतरचे घर ज्याचे त्याने शोधायचे.

पर्युषणात अंतगडसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना अर्जुनमाळी ठाऊक आहे. दीक्षेनंतर तो गोचरीसाठी दुसऱ्या नगरात गेला नाही. ज्या राजगृहात त्याने हत्या केल्या, तेथेच फिरला आणि शिव्या व मार सोसत राहिला. कथा त्याच्या क्षमेची म्हणून सांगितली जाते. दारे लावून घेणाऱ्या नगरजनांविषयी मात्र श्रोते क्वचितच बोलतात.

घरमालकाची भीती खोटी नव्हे. जिना सामाईक असतो, घरात लेकीसुना असतात. परंतु स्थानकावर निजणारा, पत्ता नसलेला माणूस गावाला अधिक सुरक्षित ठेवतो, असेही नाही. चार व्यापाऱ्यांनी मिळून अनामतीची हमी घेतली, अकरा महिन्यांचा रीतसर करार केला, पोलीस ठाण्यात माहिती दिली आणि पहिली मजुरी हाती येईपर्यंत भाडे थांबवले, तर एका माणसाचा प्रश्न सुटतो. खोली मात्र माडीवरची पाहावी. सावित्री-गांधारीला पूर आला की महाडच्या बाजारपेठेत तळमजला राहत नाही.