तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणि खेळण्यांच्या सुरक्षिततेचा कायदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून मुले घरोघरी जातात आणि बोजारा (खाऊ किंवा पैसे) मिळवतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. यातले बरेच नंदी लहान कारागीर स्वतः कापून, रंगवून विकतात. खेळण्यांसाठी केंद्राने काढलेला ‘खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, 2020’ हा 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर त्याने आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. घरगुती कारागिरांमध्ये या आदेशाबद्दल पुढील गैरसमज आढळतात.

गैरसमज : घरी, मोजक्या संख्येने बनवलेल्या खेळण्यांना कायदा लागत नाही.
वस्तुस्थिती : आदेशात नगांची किंवा उलाढालीची किमान मर्यादा नाही, दहा नंदी बनवणाराही त्याच्या कक्षेत येतो. अमेरिकेने 2008 मध्ये असाच कडक कायदा केला. घरगुती उत्पादकांच्या तक्रारींनंतर 2011 मध्ये तेथे लहान उत्पादकांना चाचणीत काही सवलती मिळाल्या, आणि त्यासाठी उलाढाल व नगसंख्या हा निकष ठरला. भारतात सूट दिली गेली ती कारागिराच्या नोंदणीवर.

गैरसमज : वस्तू हाताने बनवली की सूट आपोआप मिळते.
वस्तुस्थिती : डिसेंबर 2020 मधील दुरुस्तीनुसार, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवलेल्या आणि विकलेल्या मालाला सूट आहे. नोंदणीनंतर कारागिराला ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी वेगळी. तिने ही सूट मिळत नाही. कारखान्यातला माल नोंदणीकृत कारागिराच्या नावावर खपवण्यासाठीही ही सूट नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना, उदाहरणार्थ कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांना, स्वतंत्र सूट आहे. मात्र ती मानांकनाचा नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते यांच्यापुरती.

गैरसमज : ‘शोभेची वस्तू’ असे लिहिले की खेळण्यांचा नियम टळतो.
वस्तुस्थिती : मुलांच्या खेळण्यासाठी योजलेली वस्तू ते खेळणे, मग तिचा दुसरा उपयोग असला तरी. दिवाणखान्यात ठेवायचा कोरीव नंदी शोभेचा ठरू शकतो. मात्र चाके आणि ओढायची दोरी लावून लहान मुलांसाठी विकलेल्या नंदीला तसे म्हणणे कठीण आहे.

गैरसमज : लाकूड नैसर्गिक, म्हणून खेळणे सुरक्षितच.
वस्तुस्थिती : धोका बहुतेक वेळा रंगात आणि जोडकामात असतो. आयएस 9873 या मानकाच्या पहिल्या भागात धारदार कडा, टोके आणि सुटणारे भाग तपासतात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचे शिंग, घुंगरू किंवा चाकाची खीळ निघून 31.7 मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात मावली, तर ते खेळणे नापास होते. कारण तेवढा तुकडा मुलाच्या घशात अडकू शकतो. तिसऱ्या भागात शिसे, कॅडमियम, पारा यांसह आठ मूलद्रव्ये रंगातून किती सुटतात हे मोजतात. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून आहे. औद्योगिक वापराचे रंग त्यात येत नाहीत. त्यामुळे डब्यावरील शिशाविषयीचा मजकूर वाचूनच रंग घेणे श्रेयस्कर.

गैरसमज : प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला की आयएसआय चिन्ह लावता येते.
वस्तुस्थिती : चिन्हासाठी भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. अहवाल हा त्या प्रक्रियेचा एक भाग आहे. उत्पादनस्थळाची तपासणीही होते. ब्युरोचे शाखा कार्यालय नागपुरात आहे. विनापरवाना चिन्ह वापरणे हा 2016 च्या ब्युरो कायद्याखाली गुन्हा आहे.

गैरसमज : सूट मिळाली की जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : सूट फक्त आयएसआय चिन्हाच्या सक्तीतून आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार उत्पादक आणि विक्रेता यांच्याकडे भरपाई मागता येते. म्हणून सूट असलेल्या कारागिरानेही रंगाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी, चाके व शिंगे ओढून पाहावीत आणि कडा घासून गुळगुळीत कराव्यात.