क्लँपवर नेमका भार किती? रुळाच्या तात्पुरत्या दुरुस्तीतला माझा चुकलेला हिशेब

डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे मुंबईकडच्या लोकांनी एक घोषणा हमखास ऐकलेली असते: रुळाला तडा गेल्यामुळे गाड्या उशिरानं धावत आहेत. फलाटावर चिडचिड होते, मग काही वेळानं गाड्या पुन्हा सुटतात, आधी अगदी रांगत. आता विचार करा, तेवढ्या वेळात तुटलेला भाग कापून, नवा तुकडा घालून, वेल्ड करून, थंड होऊ देऊन काम संपणं अवघड आहे. मग गाडी जाते ती कशाच्या जोरावर?

बहुतेक वेळा एका साध्या सामानाच्या जोरावर. रुळाच्या दोन्ही बाजूंना सुमारे एक मीटर लांबीच्या लोखंडी पट्ट्या आणि त्यांना आवळून धरणारे क्लँप. या पट्ट्यांना जॉगल्ड फिशप्लेट म्हणतात. नेहमीची फिशप्लेट सरळ असते, हिला मध्ये बाक दिलेला असतो. कारण तडा बऱ्याचदा थर्मिट वेल्डवर जातो आणि वेल्डभोवती धातूची जाड गळपट्टी राहिलेली असते. सरळ पट्टी तिथे बसणारच नाही. क्लँप रुळाच्या पायाखालून घालतात, त्याचे दोन हात दोन्ही बाजूंनी वर येतात आणि स्क्रू आवळून पट्ट्या रुळाच्या अंगाला दाबून धरतात. रुळात एकही भोक पाडावं लागत नाही.

भोक टाळणं ही फक्त वेळेची बचत नाही. 5 नोव्हेंबर 1967 ला लंडनजवळ हिदर ग्रीनला गाडी रुळावरून घसरून 49 माणसं गेली. तिथे रूळ तुटला होता तो टोकाजवळच्या बोल्टच्या भोकापासून निघालेल्या भेगेमुळे. भोकाच्या कडेला ताण एकवटतो आणि वरून प्रत्येक चाक ती जागा वाकवून जातं. म्हणून भोकाशिवाय धरून ठेवणारी वस्तू हातात असणं याला किंमत आहे.

(जाता जाता: फिशप्लेटचा माशाशी थेट संबंध नाही. जहाजाच्या कमकुवत झालेल्या किंवा मोडलेल्या डोलकाठीला आधार म्हणून बांधायच्या लाकडाला इंग्रजीत 'फिश' म्हणत, तिथून ते नाव आलं. म्हणजे या नावातच डागडुजी आहे.)

आता मुद्द्यावर येतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ठरवलं होतं की हा क्लँप 'अपुरा' आहे हे सिद्ध करायचं. हिशेब तर अगदी सोपा वाटत होता. तो इथे मांडतो, कारण तो चुकलेला आहे आणि तुमच्यापैकी बरेच जण अशीच चूक करतील.

लांब वेल्ड केलेला रूळ एका ठरावीक तापमानाला बसवतात. त्या तापमानाला त्याच्यात ताणही नसतो, दाबही नसतो. समजा ते 40 अंश आहे आणि हिवाळ्यातल्या पहाटे रूळ 10 अंशांवर आला. म्हणजे 30 अंशांचा फरक. रुळाला आखडायचं असतं, पण स्लीपर आणि खडी त्याला आखडू देत नाहीत, म्हणून आत ताण साठतो. 60 किलोच्या रुळाचं काटछेदाचं क्षेत्रफळ साधारण 7,686 चौरस मिलिमीटर, पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 207 किलोन्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, प्रसरणांक दर अंशाला 0.0000115. तिन्हींचा गुणाकार केला की दर अंशाला 18.3 किलोन्यूटन येतात. 30 अंशांना 549, म्हणजे एका रुळात जवळपास 56 टन ओढ.

दुसऱ्या बाजूला क्लँप. स्क्रू एम-24 धरला आणि 400 न्यूटन-मीटरनं आवळला, तर नेहमीच्या सूत्रानं (टॉर्क भागिले व्यास भागिले 0.2) सुमारे 83 किलोन्यूटन दाब मिळतो. पट्टी रुळाच्या डोक्याखाली आणि पायावर तिरप्या पृष्ठभागांत पाचरीसारखी बसते. घर्षणांक 0.2 धरला आणि पाचरीतल्या घर्षणाचा हिशेब कसा धरता त्यावर अवलंबून, तडाच्या एका बाजूच्या एका क्लँपची पकड 60 ते 100 किलोन्यूटन येते. सहा ते दहा टन. समोर 56 टन! मी खूश. प्रबंधाचं पहिलं प्रकरण झालंच म्हणायचं.

गाईड मॅडमनी पान बघितलं आणि एवढंच विचारलं, "तू क्लँप लावतोस कधी? रूळ तुटायच्या आधी की नंतर?"

नंतर. अर्थातच नंतर. आणि तुटलेल्या टोकाला ओढ किती असते? शून्य. तुटलेलं टोक मोकळं आहे, त्याला धरणारं कुणीच नाही. माझे 56 टन तडा गेला त्याच क्षणी संपले होते. टोकं मागे सरकली, मधे फट पडली. क्लँप घेऊन माणूस तिथे पोचतो तेव्हा त्या जागी लढायला कुणी उरलेलंच नसतं.

मग ते 56 टन गेले कुठे? ते खडीनं घेतले. समजा खडी-स्लीपर मिळून रुळाला दर मिलिमीटर लांबीमागे 10 न्यूटन विरोध करतात (हा आकडा मी धरलेला आहे, खडी किती दाबून भरली आहे यावर तो बराच बदलतो). 549 किलोन्यूटनला 10 न्यूटन प्रति मिलिमीटरनं भागलं की 55 मीटर येतात. तडापासून दोन्ही बाजूंना 55 मीटरांपलीकडच्या रुळाला काही झाल्याचं कळतच नाही. आतल्या पट्ट्यात ओढ पूर्ण ते शून्य अशी उतरत येते, म्हणून आखडणं सरासरीनं निम्मं. हिशेब केला की प्रत्येक टोक साडेनऊ मिलिमीटर सरकतं, एकूण फट 19 मिलिमीटर. फरक 30 ऐवजी 15 अंशांचा असता, तर लांबीही निम्मी, आखडणंही निम्मं, म्हणून फट चौथाई: पाच मिलिमीटरहून थोडी कमी. फट तापमानाच्या फरकाच्या वर्गानं वाढते. थंडीत हाच प्रकार का डोकं वर काढतो आणि खडी विस्कटलेल्या जागी फट जास्त का पडते, हे इथे दिसतं.

मग क्लँपचं काम काय? एक, दोन्ही टोकं एका रेषेत आणि एका उंचीवर ठेवणं, म्हणजे चाकाला पायरी लागू नये. दोन, क्लँप लावल्यानंतर तापमान जेवढं आणखी खाली जाईल, तेवढ्यापुरती फट वाढू न देणं. मध्यरात्री क्लँप लावला आणि पहाटेपर्यंत रूळ आणखी 5 अंश उतरला, तर फट होती तेवढीच ठेवायला 5 गुणिले 18.3, म्हणजे 91.5 किलोन्यूटन लागतील. पकड 60 ते 100. म्हणजे क्लँप काठावर आहे. 56 टनांपुढचा हास्यास्पद सहा टनी क्लँप आता बरोबरीच्या लढाईत आला. आकडे तेच, प्रश्न बदलला.

आणि माझा खरा विषय इथे सुरू झाला. 83 किलोन्यूटनचा तो दाब येतो कुठून? पान्याच्या टॉर्कमधून. पण टॉर्कचा साधारण दहावा हिस्साच स्क्रूतला उपयोगी ताण बनतो, बाकीचा आट्यांच्या आणि टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या घर्षणात जातो. आट्यात गंज आणि धूळ असली आणि सूत्रातला 0.2 चा आकडा 0.3 झाला, तर तोच पाना, तोच जोर, तोच 'टक्' आवाज, आणि दाब फक्त 56 किलोन्यूटन. पाच अंश सांभाळणारा क्लँप आता दोन-तीन अंशच सांभाळतो. आवळणाऱ्या माणसाच्या हाताला हा फरक अजिबात कळत नाही.

त्यावर आणखी एक गोष्ट. गेर्हार्ड युंकरनं 1969 मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः त्याच्या अक्षाला आडव्या दिशेनं घसरण झाली की. अक्षाच्या दिशेनं कितीही ओढाताण झाली तरी तो त्यामानानं टिकतो. आपल्या क्लँपचा स्क्रू रुळाला आडवा आहे आणि रूळ आखडतो लांबीच्या दिशेनं. म्हणजे पकड सुटून रूळ सरकला की तो स्क्रूच्या अक्षाला बरोबर आडवाच सरकतो. पकड कमी, म्हणून घसरण. घसरण झाली, म्हणून पकड आणखी कमी. या चक्रात रात्र किती वेळ निघते, हा माझा प्रश्न.

वेगमर्यादा का लावतात तेही लगेच सांगून टाकतो, कारण मुलाखतीत हे हटकून विचारतात. जोडावरच्या खळग्यातून चाक जाताना स्थिर भारावर जो जादा धक्का बसतो, तो वेगाच्या जवळपास सम प्रमाणात असतो. ताशी 100 ऐवजी 20 किलोमीटरनं गेलात तर जादा धक्का पाचवा हिस्सा. गाडी रांगते ती यासाठी. शिवाय क्लँप लावलेल्या जागी माणूस उभा ठेवतात. कधीकधी फोटोत पट्ट्यांशेजारी कंदील घेतलेला कीमन दिसतो, तो नुसता झेंडा दाखवायला नसतो, त्याची नजर त्या स्क्रूवर आणि फटीवर असते.

संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांसाठी या गोष्टीतली कामाची जागा मला वाटते ती अशी. माझ्या पहिल्या पानावर गुणाकार चुकला नव्हता. घटनांचा क्रम चुकला होता. बल कुठे, किती, हे मी लिहिलं, पण 'केव्हा' हा रकाना माझ्या कोष्टकात नव्हताच. तेव्हापासून कुठलंही मुक्त-पिंड चित्र काढताना मी कोपऱ्यात वेळ लिहितो: तडा जाण्याआधी, तडा गेल्यावर, क्लँप लावल्यावर, पहाटे. चार चित्रं लागतात. आधी मी एकच काढलं होतं, आणि तेही पहिलं.

सध्या प्रयोगाची मांडणी चालू आहे. रुळाचे दोन तुकडे, मधे फट, जॅकनं एका बाजूनं हळूहळू ओढायचं आणि स्क्रूखाली बसवलेल्या लोडसेलवर दाब किती उतरतो ते बघायचं. युंकरच्या यंत्रात घसरण पुढे-मागे, वेगानं होते. रुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: रात्रभरात एकाच दिशेनं झालेली दोन-चार मिलिमीटरची संथ सरक आणि प्रत्येक चाकाबरोबर येणारी बारीक थरथर. आधी दोन्ही वेगवेगळ्या करून बघायच्या, मग एकत्र. स्क्रूचे दोन संच केलेत: एक तेल लावून स्वच्छ ठेवलेला, दुसरा पूर्ण पावसाळाभर गच्चीवर उघडा टाकलेला. दुसऱ्या संचातले दोन स्क्रू आत्ताच हातानं फिरत नाहीत.