बर्फाचं वजन आणि आपली विहीर

आपल्या औंढा तालुक्यात लायगोची प्रयोगशाळा होणार, हे तुम्ही ऐकलंच असेल. तिच्या ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसरनं अंतरातला अतिसूक्ष्म फरक मोजायचा आणि दूर आभाळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. अंतर मोजूनच ध्रुवांवरच्या बर्फाचं वजनही काढतात. ते कसं, ते आज पाहू.

२००२ साली अमेरिका आणि जर्मनीनं ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह सोडले. एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर. जिथं जमिनीवर वजन जास्त, तिथं ओढही जास्त. अशा जागेजवळ येताच पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि दोघांतलं अंतर वाढतं. तो पुढं गेला की मागचा ओढला जातो, अंतर कमी होतं. हा फरक केसाच्या जाडीहूनही बारीक, तरी मोजता येतो. दर महिन्याला मोजत गेलं की ओढ कुठं घटली ते कळतं. ओढ घटली म्हणजे बर्फ गेला. २०१८ पासून हेच काम उपग्रहांची दुसरी जोडी करते आहे.

ग्रीनलंडचा बर्फ असा वर्षाला सुमारे २७० अब्ज टन घटतो. ते पाणी समुद्रात जातं, म्हणून समुद्र चढतो. आपल्या कोकणकिनाऱ्यालाही त्याची झळ आहेच.

याच उपग्रहांनी जमिनीखालचं पाणीही तोललं. २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणात भूजल फार उपसलं गेलं, हे २००९ साली जगापुढं आलं.

पण या तराजूला शेकडो किलोमीटरचा पट्टा दिसतो, आपली एक विहीर नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरुमात साठतं. शेजारच्या दोन विहिरींचंही पाणी सारखं नसतं. म्हणून आपली विहीर आपणच मोजायची. दोरीला दगड बांधा, हात-हातावर गाठी मारा. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी मोटार सुरू करण्याआधी, काठाच्या एकाच खुणेवरून पाणी किती खोल ते बघा आणि गटाच्या वहीत लिहा.

दिवाळीनंतरचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा खोल गेला, तर गव्हाऐवजी हरभरा पेरायचा का, हे घरात वेळेवर बोलता येईल. उन्हाळ्यात हंडा घेऊन कोसभर कुणी जायचं, हे त्या बोलण्यावरच ठरतं, बायांनो.